सभागृहात न विचारलेला प्रश्न

दरवर्षी एप्रिल महिन्यात आपण एखाद्या शाळेचे सभागृह भाड्याने घेतो, परमपूज्य बाबासाहेबांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण करतो, त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो आणि स्त्रीमुक्तीवर किमान एक भाषण ऐकतो. समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते. हा विचार आपल्या प्रत्येक वक्त्याच्या ओठांवर असतो. त्यावर टाळ्याही पडतात. परंतु ज्या मापाने बाबासाहेब समाज मोजत, त्या मापाने आपण आपले घर कधी मोजले आहे काय?

प्रथम एक कबुली देतो. स्त्री रुग्णाला, तिच्या पतीस बाहेर बसवून, ‘घरी तुम्हाला सुरक्षित वाटते ना?’ असे विचारणे हा आम्हा डॉक्टरांच्या कामाचा भाग आहे. हा प्रश्न मी वर्षानुवर्षे विचारीत आलो आहे. काही वर्षांपूर्वी आपल्याच एका कार्यक्रमात, ऐन उकाड्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातलेली एक भगिनी भेटली. मी विचारावे तिला, आणि उत्तर द्यावे तिच्या पतीने, असे चालले होते. मनगटावरील निळसर खुणा माझ्या नजरेतून सुटल्या नव्हत्या. ती रुग्ण म्हणून आली असती तर मी नक्कीच विचारले असते. ती समाजभगिनी म्हणून समोर आली, म्हणून मी खिरीची वाटी घेतली आणि पुढे सरकलो. काही महिन्यांनी तिने मध्यरात्री घर सोडले, तेव्हा दार उघडले ते शेजारच्या एका मेक्सिकन वृद्धेने. आपल्या शंभर-दीडशे कुटुंबांपैकी एकाचेही दार तिला आठवले नाही. हा दोष तिच्या स्मरणशक्तीचा नव्हे, आपला आहे.

या विषयाला तोंड फोडले की पहिला आक्षेप येतो : ‘समाजाची बदनामी होईल.’ २०२३ साली सिॲटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच स्वरूपाचे विधेयक राज्यपालांनी नाकारले. अशा वेळी आपली उणी-दुणी चव्हाट्यावर का मांडायची, असे विचारले जाते. पण जातीचा प्रश्न अमेरिकेत काढू नका, त्याने देशाची बदनामी होते, हा युक्तिवाद आपल्याविरुद्ध कोणी केला होता? तो ऐकून आपण गप्प बसलो नाही. मग तोच युक्तिवाद आपल्या भगिनीच्या तोंडावर दाबून धरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दुसरा आक्षेप : ‘हा नवरा-बायकोचा खाजगी मामला आहे, भांड्याला भांडे लागायचेच.’ अस्पृश्यतेलाही लोक धर्माचा खाजगी मामलाच म्हणत होते. विवाह, घटस्फोट आणि वारसाहक्क हे घराच्या उंबऱ्याआडचे विषय बाबासाहेबांनी संसदेत आणले आणि हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ साली मंत्रिपदावर पाणी सोडले. जोतिबा-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते ‘खाजगी’ ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठीच. भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली. त्यांत पत्नीचा सन्मान करणे आणि तिचा अवमान न करणे ही आरंभीच येतात. भिंतीवर बुद्धाची प्रतिमा आणि तिच्याखाली उगारलेला हात, हे दृश्य ज्या घरात आहे त्या घरात धम्मदीक्षा झालीच नाही, असे मी म्हणेन.

तिसरा मार्ग समेटाचा. हा सर्वांत सभ्य दिसतो आणि सर्वांत घातक ठरतो. चार ज्येष्ठ मंडळी दोघांना एका सोफ्यावर बसवतात आणि ‘आता मोकळेपणाने बोला’ म्हणतात. ज्याच्यासोबत तिला त्याच रात्री घरी परतायचे आहे, त्याच्यासमोर ती मोकळेपणाने काय बोलणार? स्त्री घर सोडण्याचा निर्णय घेते तो काळ तिच्या जिवाला सर्वाधिक धोक्याचा असतो, हे वैद्यकाला आणि पोलिसांना ठाऊक आहे. गळा दाबल्याचे तिने सांगितले तर बाहेर खूण दिसत नसली तरी तिला तातडीने इस्पितळात न्यावे. तेथे समेटाची भाषा काढणे हा गुन्ह्याला हातभार आहे.

परदेशात या दुःखाला व्हिसाचे कुलूपही लागते. एच-४ वर आलेल्या पत्नीचे येथील वास्तव्य पतीच्या नोकरीला बांधलेले असते. ‘परत पाठवीन’ हे दोन शब्द मारापेक्षा खोल जातात. म्हणून कायदा माहीत हवा. पती नागरिक वा ग्रीनकार्डधारक असेल तर १९९४ च्या कायद्यानुसार पीडित पत्नीला त्याच्या सहीविना स्वतः अर्ज करता येतो. २००० च्या कायद्याने गुन्ह्याच्या तपासात साह्य करणाऱ्या पीडितांसाठी यू व्हिसा आणला. एच-१बी धारकाच्या पीडित पत्नीस काम करण्याचा परवाना मिळावा अशी तरतूद २००५ मध्ये झाली आणि २०१७ पासून तिचे अर्ज घेतले जाऊ लागले. या वाटा लांब आहेत, वकिलाचा सल्ला हवाच. पण वाट आहे, एवढे कळले तरी माणूस उभा राहतो.

आणि कामाची जागा? पतीच्या नजरेबाहेरचे दिवसाचे आठ तास अनेक स्त्रियांना तेथेच मिळतात. सहकारी भगिनीचा फोन दर दहा मिनिटांनी खणखणतो, ती वारंवार रजा घेते, पगार तिचा पण खाते त्याच्या हाती, हे दिसत असताना आपण ‘कौटुंबिक अडचण’ म्हणून संगणकाकडे वळतो. इलिनॉयमध्ये २००३ पासून आणि न्यू जर्सीत २०१३ पासून पीडितांना नोकरी न गमावता रजा मिळण्याचा कायदा आहे. पुष्कळ कंपन्यांत गुप्तता राखणारी समुपदेशनाची सोयही असते. आपल्यातील जे व्यवस्थापकपदी आहेत त्यांनी ही माहिती आपल्या हाताखालच्या सर्वांना दिली पाहिजे. आणि हेही ध्यानात ठेवावे की मारणारा हातसुद्धा आपल्याच कचेरीत, कदाचित उत्तम कर्मचारी म्हणून, वावरत असतो.

तेव्हा माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, आपल्या संस्थेने किमान चार भगिनींना या कामाचे रीतसर प्रशिक्षण द्यावे. न्यू जर्सीत ‘मानवी’ (१९८५), न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’ (१९८९) आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरात ‘मैत्री’ (१९९१) या संस्था उभ्या आहेत. परंतु आडनाव सांगताच जात ओळखली जाईल या भीतीने आपली भगिनी तेथे जाण्यास कचरते. तिच्यासोबत जाणारी आपली माणसे हवीत. दोन, प्रत्येक कार्यक्रमात स्त्रियांच्या स्वच्छतागृहाच्या दारावर राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक, १-८००-७९९-७२३३, मराठीत लावावा. तेथे दुभाषाची सोय आहे. तीन, स्मरणिकेच्या जाहिरातींच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा आणीबाणीचे विमानभाडे, भाडे आणि वकील यांसाठी राखून ठेवावा. चार, ज्याच्यावरील आरोप सिद्ध झाला आहे त्याला मंच, माइक आणि पद देऊ नये, मग त्याची देणगी कितीही मोठी असो.

या एप्रिलमध्ये सभागृहात कोणी भगिनी उकाड्यात पूर्ण बाह्या घालून आलेली दिसली, तर तिला बाजूस घेऊन, एकटीला, हळू आवाजात तो एक प्रश्न विचारा. उत्तर मिळेलच असे नाही. पण पुढे एखाद्या मध्यरात्री कुणाचे दार ठोठवायचे, हे तिला ठाऊक असेल. मी तो प्रश्न एकदा विचारला नाही. आपण ती चूक करू नये.

जयभीम! नमो बुद्धाय!