खिडकीतली बाग, सातबाऱ्यावरचा बोजा

शुक्रवारी संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकात जो अडकला, त्याला पुणे-नाशिक रस्त्याचं वर्णन करून सांगायला नको. नव्याकोऱ्या मोटारी लादलेले लांबलचक ट्रेलर, पाळी सुटलेल्या कामगारांच्या बसेस, सुट्या भागांचे टेम्पो आणि या सगळ्यांतून वाट काढणारा कांद्याचा एखादा ट्रॅक्टर. याच गर्दीत गेल्या काही वर्षांत एक नवा प्रवासी सामील झाला आहे. तिशी-पस्तिशीचं जोडपं, मागच्या सीटवर दोन बॅगा, मूल असलंच तर आजीआजोबांच्या हवाली केलेलं. खेड, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर ओलांडून ही मंडळी नाशिकच्या गंगापूर धरणाकडे नाहीतर इगतपुरी-दिंडोरीच्या बाजूला वळतात. द्राक्षबागेच्या मधोमध उभारलेल्या मोजक्या खोल्यांच्या आलिशान हॉटेलात दोन रात्री राहायचं, सकाळी वेलींकडे बघत चहा घ्यायचा, संध्याकाळी वाइन चाखायची आणि रविवारी रात्री पुन्हा चाकणच्या कोंडीत हजर व्हायचं, असा एकूण बेत.

आमच्या पिढीला हे थोडं चैनीचंच वाटतं. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली १९५४ मध्ये, पाठोपाठ टेल्को आणि बजाज. त्या कारखान्यांत नोकरीला लागलेला माणूस सुट्टीत गावी जाई, जत्रेला जाई, फार तर एकदा महाबळेश्वर करी. नवराबायकोनं दोघांनीच कुठं जायचं ते लग्नानंतर एकदा. आज त्याच पट्ट्यातल्या घरात नवरा महाळुंग्याला पहिल्या पाळीत आणि बायको हिंजवडीला रात्री उशिरापर्यंत परदेशी ग्राहकांच्या वेळेला बांधलेली, असं सर्रास दिसतं. एका छपराखाली राहूनही दोघं एका वेळी जागी असण्याचे तास बोटांवर मोजावेत इतके. अशा जोडप्याला दोन रात्रींचा निवांतपणा विकत घ्यावासा वाटला, तर त्यात नाक मुरडण्यासारखं मला काही दिसत नाही.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही उभयतांनीही असा मुक्काम केला. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून लेक-जावयानं परस्पर खोली राखून ठेवली होती. एका रात्रीचं भाडं आम्हाला सांगायचं नाही असं त्यांचं ठरलं होतं; पण मी पस्तीस वर्षं बँकेत काढलेली, आकडा शोधून काढलाच. सौ. म्हणाली, ''अहो, एवढ्यात आपण नाशिकला महिनाभर बिऱ्हाड केलं असतं!'' बाकी व्यवस्था मात्र देखणी होती. प्रत्येक खोलीची सजावट निराळी, भिंतभर काच आणि काचेपलीकडे नजर पोचेल तिथपर्यंत तारांवर चढवलेले वेल. त्या भाड्यातला मोठा हिस्सा आपण त्या खिडकीसाठी मोजतो, हे उघड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो तेव्हा हॉटेलच्या कुंपणापलीकडे तोडणी चालू होती. क्रेटमध्ये बारीक काळे घड पडत होते. बांधावर उभ्या असलेल्या गृहस्थांना सौ.नं विचारलं, ''दादा, बाग तुमची का?'' ते हसून म्हणाले, ''बाग माझी काकू, माल त्यांचा.''

हे चार शब्द मी तिथून बरोबर घेऊन आलो. हा लेख त्यांच्यावरच आहे.

वाइनच्या कारखान्याला खोल्या कशासाठी लागतात, हा प्रश्न बँकेतल्या माणसाला पहिल्यांदा पडतो. उत्तर खेळत्या भांडवलात आहे. आपल्याकडे वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्च एवढ्याच काळात तयार होतात. वर्षभराचा कच्चा माल दोन-तीन महिन्यांत घ्यायचा, त्याचे पैसे मोजायचे आणि मग वाट बघायची. चांगली लाल वाइन लाकडी पिंपात वर्ष-वर्ष पडून राहते. तेवढा काळ पैसा अडकलेला, व्याज चालू. त्यातून टीव्हीवर मद्याची जाहिरात करायला बंदी, आणि प्रत्येक राज्याचे अबकारी नियम वेगळे. खोलीचं भाडं मात्र रोजच्या रोज गल्ल्यात पडतं. खोलीची जाहिरात करायला कुणाची आडकाठी नाही. पाहुणा जाताना चार बाटल्या कारखान्याच्या दारातच विकत घेतो, त्यात मधल्या वितरकाला काही द्यावं लागत नाही. शिवाय तो घरी जाऊन दहा जणांना सांगतो ते वेगळंच. हॉटेल हा या धंद्याचा जोडधंदा दिसत असला, तरी हिशेबाच्या वहीत त्याचं वजन त्याहून जास्त आहे.

ही अक्कल या उद्योगाला ठेच लागून आली. महाराष्ट्रातल्या वाइनची गोष्ट सुरू होते ती चाकणपासून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवरच्या नारायणगावात. श्याम चौगुले यांनी १९८० च्या दशकात तिथं फ्रेंच तंत्रज्ञांच्या साह्यानं फेसाळती वाइन तयार केली आणि ती परदेशातही विकून दाखवली. पुढं राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून नाशिकला आले, घरच्या जमिनीवर वेल लावले आणि २००० मध्ये 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. राज्य सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आखलं. अबकारी करात सवलत, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क, असा सगळा थाट झाला. वाइनरी भराभर उभ्या राहिल्या, शेतकऱ्यांनी थॉमसनच्या बागा सोडून शिराझ, कॅबर्ने, शेनिन ब्लाँ अशी तोंडात न बसणाऱ्या नावांची लागवड केली. बँकांनी कर्जं दिली.

मग २००८ साल उजाडलं. जगभर मंदी आली, नोव्हेंबरमध्ये मुंबईत पंचतारांकित हॉटेलांवर हल्ला झाला, पर्यटक आटले आणि वाइनचा खप घसरला. टाक्या भरलेल्या आणि नवा हंगाम दारात, अशी अवस्था झाली. नारायणगावची ती अग्रणी कंपनी परदेशातल्या खरेदीच्या आणि कर्जाच्या ओझ्याखाली कोलमडली, पुढं उच्च न्यायालयाच्या आदेशानं अवसायनात गेली. अनेक शेतकऱ्यांनी वाइनचे वेल मुळासकट काढून टाकले. जे कारखाने तगले त्यांनी पर्यटकाकडे तोंड वळवलं. 'सुला'नं २०१० मध्ये नाशिकजवळ मुक्कामाची सोय सुरू केली, इतरांनीही आपापल्या परीनं खोल्या बांधल्या. डिसेंबर २०२२ मध्ये 'सुला'चे शेअर बाजारात आले. कारखान्यानं स्वतःची जोखीम अशी दोन पायांवर वाटून घेतली, आणि ते शहाणपणाचंच झालं. कारखाना टिकला तरच शेतकऱ्याचा माल उचलला जाणार, हेही खरंच.

पण शेतकऱ्याची जोखीम किती पायांवर उभी आहे? इथं वाचकांना एक गोष्ट नीट समजावून सांगायला हवी. खायचं द्राक्ष आणि वाइनचं द्राक्ष ही दोन वेगळी पिकं आहेत. खायचं द्राक्ष टपोरं, बिनबियांचं, पातळ सालीचं. कारखान्यानं, निर्यातदारानं नाकारलं तर बाजार समितीत जातं, तिथंही भाव पडला तर बेदाणा होतो. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. ते हातगाडीवर विकत नाहीत, त्याचा बेदाणा करत नाहीत. ज्याच्याशी करार केला त्यानं उचललं तर पैसे, नाही तर उकिरडा. लागवडीनंतर पहिलं खरं उत्पन्न यायला दोन-तीन वर्षं जातात. त्यानंतर दर वर्षी एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, डाऊनी आणि भुरीसाठी फवारण्या, आणि ऐन तोडणीच्या तोंडावर गारपिटीची धास्ती. मांडवाच्या तारा, अँगल आणि ठिबक यांच्यासाठी घेतलेल्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर चढतो, आणि वेल काढून टाकला म्हणून तो उतरत नाही.

भोसरी-तळवड्याच्या वाचकांना हे गणित परकं वाटू नये. मी भोसरीच्या शाखेत असताना लघुउद्योजकांचे कर्जाचे अर्ज तपासत असे. बडी कंपनी ड्रॉइंग देते, त्याबरहुकूम डाय बनवायची, यंत्र घ्यायचं आणि हजारोंनी एकच भाग पाडायचा. तो भाग त्या कंपनीच्या त्या गाडीलाच बसतो. कंपनीनं मागणी थांबवली की सकाळपर्यंत माल असलेली वस्तू दुपारी भंगार ठरते. वाइनची द्राक्षं पिकवणारा शेतकरी हा नेमका असा व्हेंडर आहे. त्याचं यंत्र जमिनीत रुजलेलं आहे आणि त्याचा माल तोडल्यावर दोन दिवसही थांबत नाही, एवढाच फरक.

आणखी एक फरक आहे, तो कायद्याचा. लघुउद्योजकाचे पैसे ४५ दिवसांत चुकते करण्याचं बंधन बड्या खरेदीदारावर २००६ च्या कायद्यानं घातलं. ते नेहमी पाळलं जातं असं नाही. परंतु निदान दाद मागायला दार आहे. द्राक्ष पिकवणं ही शेती असल्यामुळे बागाईतदार या कायद्याच्या छत्राखाली येत नाही. केंद्रानं २०२० मध्ये करार शेतीचा कायदा केला आणि दिल्लीच्या वेशीवरच्या आंदोलनानंतर २०२१ मध्ये इतर दोन कायद्यांबरोबर मागं घेतला. तो कायदा कसा होता, यावर मतभेद असू शकतात. त्यानंतर करार करणाऱ्या शेतकऱ्याच्या संरक्षणाचा विषय ऐरणीवरून खाली उतरला, हे मात्र नाकारता येणार नाही.

कुंपणापलीकडच्या त्या गृहस्थांची तक्रार नव्हती, हे मुद्दाम नोंदवतो. भाव आधी ठरतो, वाहतूक कारखाना करतो, दरवर्षी व्यापारी पळून जाण्याची भीती नाही, असं त्यांनीच सांगितलं. खायच्या द्राक्षांचे व्यापारी पैसे बुडवून परागंदा झाल्याच्या बातम्या नाशिककरांना नव्या नाहीत. तेव्हा कराराची ही बाजूही लहान नव्हे. मी विचारलं, ''करारात किती वर्षांची हमी आहे?'' ते म्हणाले, ''कागद तर आहे साहेब. पण यंदा माल जास्त झाला म्हणाले, तर कागद घेऊन मी जाऊ कुठं?''

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते आठवा. शेतकऱ्याचं हित म्हणून निर्णय घेतल्याचं सरकारनं सांगितलं. संस्कृती बुडाली, असं विरोधक म्हणाले. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय अमलात आला नाही. त्या सगळ्या वादात बाटली कुठं ठेवायची यावर रकानेच्या रकाने भरले. बाटलीत जे जातं त्याचे पैसे किती दिवसांत मिळतात, हे फारसं कुणी विचारलं नाही. विकल्या गेलेल्या वाइनवरच्या २० टक्के विक्रीकरातले १६ टक्के उत्पादकाला परत देण्याची योजना राज्यानं राबवली. जनतेच्या तिजोरीतून हा परतावा द्यायचा, तर 'आधी शेतकऱ्यांची देणी चुकती केल्याचा दाखला दाखवा' एवढी अट घालणं सरकारच्या हातात आहे. बँकेत आम्ही पुढचा हप्ता सोडताना मागच्या हप्त्याचा विनियोग तपासत असू. त्याहून हे अवघड नाही.

दुसरी वाट खोल्यांची. चाकणच्या आसपास निघोजे, खराबवाडी, महाळुंगे या गावांत पूर्वीच्या शेतकऱ्यांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या आणि त्यांच्या भाड्यावर घरं उभी राहिली. राहणी कशीही असो, खोलीचा मालक गावकरी आहे. नाशिकच्या बागांत मात्र खोली कारखान्याची आणि खिडकीतलं दृश्य शेतकऱ्याचं, अशी विभागणी पुष्कळदा दिसते. जुन्नर तालुक्याला २०१८ मध्ये पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला, राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. शिवनेरीच्या परिसरात शेतकऱ्यांनी स्वतःच्या बागेत बांधलेल्या दोन-चार खोल्यांत आज शहरातली कुटुंबं राहून येतात. तिथं भिंतभर काच नसते, गादी कदाचित कडक असते. पण भाड्याचा रुपया बागेच्या धन्याकडे जातो, आणि पीक गेलं त्या वर्षी तोच त्याला हात देतो. नाशिकच्या कारखान्यांनाही आपल्या करारातल्या बागाईतदारांना अशा खोल्या बांधायला, पाहुणे पाठवायला काय हरकत आहे? दृश्य टिकवायचं तर दृश्य पिकवणारा टिकला पाहिजे.

चाकणच्या कोंडीतून निसटून निघालेल्या त्या जोडप्यानं अवश्य जावं. दोघांनी एका वेळी जागं राहावं, पोटभर बोलावं. वाइन घ्यावी की न घ्यावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. चव घेण्याच्या दालनात तरुण मुलगा पेला कसा धरायचा, वास कसा घ्यायचा हे तपशीलवार सांगतो आणि शेवटी ''काही शंका?'' असं विचारतो. तेव्हा हे घड कुणाच्या शेतातले, करार किती वर्षांचा आणि पैसे किती दिवसांत देता, एवढे तीन प्रश्न विचारून बघावेत. एकानं विचारले तर तो हसून विषय बदलेल. दर शनिवारी दहा जणांनी विचारले, तर उत्तर तयार ठेवावं लागेल.