खारे पाणी आणि मूक व्याधी

पूर्णेच्या खोऱ्यातील वऱ्हाडी माणसास खारेपणाचे नावीन्य राहिलेले नाही. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर ह्या तालुक्यांतील कित्येक गावांच्या विहिरींत पाणी दिसते. पण ते ना पिकास मानवते, ना जिभेस. राज्य सरकारने २०१८ साली हाती घेतलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात ह्या खारपाणपट्ट्यातील सुमारे ९३२ गावांचा समावेश झाला. हे योग्यच झाले. पण जे पाणी जमिनीस बाधते, ते माणसाच्या रक्तवाहिन्यांस काय करते, हा प्रश्न त्याहून लहान नव्हे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत शेकडा ३५.५ प्रौढांस उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. ही व्याधी मूक आहे. ताप नाही, कळ नाही. आणि एके दिवशी पक्षाघात, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा ऱ्हास दारात उभा राहतो. निरनिराळ्या दिवशी मोजलेला दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास त्यास व्याधी मानावे, हा सर्वसामान्य दंडक आहे. मोजल्यावाचून तो कळत नाही, एवढेच ध्यानी धरावे.

आता मिठाचा हिशेब पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसास ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सुमारे २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. समजा, एखाद्या विहिरीच्या लिटरभर पाण्यात ४०० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि उन्हात राबणारा मजूर ते पाच लिटर पितो. तर भाकरी, ठेचा, लोणचे व पापडखाराचा पापड ताटात येण्यापूर्वीच त्याची मर्यादा संपली! काही सोडियम घामावाटे जाते, हे खरे. पण त्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हे. आश्चर्य हे की, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण विद्राव्य क्षारांस मर्यादा आहे. सोडियमला स्वतंत्र मर्यादा नाही.

सर्वच खारे पाणी सारखे घातक, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. बांगलादेशाच्या किनारपट्टीवरील अभ्यासांत खाऱ्या पाण्याचा गर्भवतींच्या रक्तदाबाशी संबंध दिसला. तर तेथीलच दुसऱ्या अभ्यासात पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम दाब कमी ठेवीत असल्याचे आढळले. म्हणूनच तर्क पुरेसा नाही, मोजमाप हवे. पाण्याचे नमुने भूजल प्रयोगशाळेत जातात आणि रक्तदाबाची नोंद आरोग्य उपकेंद्रात होते. ह्या दोन वह्या गावागणिक शेजारी ठेवून वाचाव्यात, सोडियमचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि जेथे तो अधिक असेल तेथे नळाच्या गोड्या पाण्यास अग्रक्रम द्यावा, ही आमची मागणी आहे. तिला फार मोठा खर्च लागत नाही. इच्छा मात्र लागते.

उपचाराची वाटही अज्ञात नाही. २०१७ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने एक ठरलेली औषधपद्धती, महिन्याभराच्या गोळ्या एकदम, घराजवळ पुन्हा पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ह्या साध्या गोष्टींचे महत्त्व दाखवून दिले. उपकेंद्रातील गोळ्या संपल्या, तर मजुराने रोज बुडवून जिल्ह्याच्या गावी यावे काय? पुरवठा अखंड राखणे हे शासनाचे कर्तव्य होय.

आणि वाचकांचेही एक कर्तव्य आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने दाब मोजून घ्यावा, मिठाचा हात आखडावा, तंबाखू सोडावी. 'आता बरे वाटते' म्हणून गोळी परस्पर बंद करणे हा तर आत्मघातच होय; कारण बरे वाटते ते त्या गोळीमुळे. विहिरीचा खारेपणा एका दिवसात जाणार नाही. पण त्याचे मोल माणसाच्या प्राणाने चुकवणे टाळता येईल, आणि ते आजपासूनच टाळले पाहिजे.