तयारी कशासाठी?

"नुसती बोटं पळवतात राव, यात जीव कुठंय?" बिनशब्दांच्या संगीताचा, त्यातही मेटलचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. म्हणणारा बहुतेक वेळा तीन मिनिटांत उठलेला असतो. तरी त्याचं म्हणणं उडवून लावावं असं मला वाटत नाही. प्रश्न रास्त आहे. एवढी तयारी करायची, ती नेमकी कशासाठी?

शब्दच बघा ना. 'गळा तयार आहे', 'हात तयार आहे' असं आपण गाणाऱ्या-वाजवणाऱ्याबद्दल म्हणतो. आणि परीक्षेचीही तयारीच करतो. मी मूळचा रेणापूरचा, म्हणजे लातूर पॅटर्नच्या ऐन पट्ट्यातला. आमच्याकडे तयारी म्हणजे सराव पेपर, मग परत सराव पेपर, इतके की खऱ्या पेपरात काही अनपेक्षित येऊच नये. या तयारीनं माझ्यासारख्या कित्येक पोरांना इंजिनिअरिंगपर्यंत पोचवलं, त्यामुळे मी तिची टिंगल करणार नाही. पण पेपर संपला की ती संपते. वाजवणाऱ्याची तयारी याच्या बरोब्बर उलटी असते. समोरून अनपेक्षित काहीतरी यावं, आणि आलं तर आपण कमी पडू नये, यासाठी ती केलेली असते.

आता मुद्द्याचं. सप्टेंबर १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या मिलब्रूक या गावी चार जण एका स्टुडिओत जमले. ड्रीम थिएटरचे ड्रमर माइक पोर्टनॉय आणि गिटारिस्ट जॉन पेट्रुची, किंग क्रिमसनमधून आणि पीटर गॅब्रिएलच्या साथीला वाजवलेला बेसवाला टोनी लेव्हिन, आणि ज्युलिअर्डमध्ये पियानो शिकलेला जॉर्डन रुडेस. बँडचं नाव लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट. अल्बम १९९८ ला आला, नावही तेच. गायक नाही, शब्द नाहीत. शेवटी साधारण अठ्ठावीस मिनिटांचा एक तुकडा आहे, 'थ्री मिनिट वॉर्निंग' नावाचा (नावावर जाऊ नका), आणि तो सगळा ऐन वेळी सुचेल तसा वाजवलेला. ज्यांना धीर नाही त्यांनी आठव्या ट्रॅकनंतर बंद करावं, असा इशारा अल्बमवरच छापलाय. प्रामाणिक माणसं!

गंमत म्हणजे त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये आणखी एक मंडळी वाजवत होती. गिटारवर जॉन मॅक्लॉफलिन, तबल्यावर माहीमचे झाकीरभाई, घटमवर विक्कू विनायकराम, आणि बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. त्याचं रेकॉर्डिंग 'रिमेंबर शक्ती' म्हणून १९९९ मध्ये आलं. त्यात 'मुक्ती' नावाचा एकच तुकडा तासाभराहून मोठा आहे. अठ्ठावीस मिनिटांना नावं ठेवणारी आपली माणसं इथे मात्र डोळे मिटून दाद देतात.

'शक्ती'ची गोष्ट त्याही आधीची, १९७५ ची. मॅक्लॉफलिन महाविष्णू ऑर्केस्ट्रा या कानठळ्या बसवणाऱ्या इलेक्ट्रिक बँडमधून आला आणि अकूस्टिक गिटार घेऊन भारतीय वादकांच्या पंगतीला बसला. व्हायोलिनवर एल. शंकर होते. म्हणजे एक पाश्चात्त्य, एक हिंदुस्तानी आणि बाकी कर्नाटकी. तिघांची घराणी वेगळी, ताल मोजायच्या रीती वेगळ्या. मॅक्लॉफलिननं गिटारच वेगळी बनवून घेतली. पडद्यांमधलं लाकूड कोरलेलं, म्हणजे तार दाबून वीणेसारखी मींड घेता यावी, आणि खाली तरफेच्या तारा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. समोरच्याशी बोलता यावं म्हणून त्यानं स्वतःचं वाद्य बदललं. तयारी दाखवायचीच असती तर जुनी गिटार पुरेशी होती की.

तर माझं मत असं. चार उस्ताद एकत्र आले की ते किती वेगात वाजवतात हे बघू नका. एक जण वाजवत असताना बाकीचे तीन काय करतायत ते ऐका.

या कसोटीवर लिक्विड टेन्शनवाले पास होतात का? बऱ्याच ठिकाणी होतात. लेव्हिन माझा आवडता. बाकी तिघं सुटलेले असताना हा गडी दोनच स्वर धरून बसतो आणि पूर्ण इमारत त्यावर उभी राहते. 'स्टेट ऑफ ग्रेस' मध्ये फक्त गिटार आणि कीबोर्ड, संथ, एकमेकांना जागा देत. पण गिटार आणि कीबोर्ड एकच लांबलचक ओळ भन्नाट वेगात जोडीनं वाजवतात तेव्हा काही वेळा मलाही सराव पेपर आठवतो. अचूक आहे, शंभरपैकी शंभर आहेत, पण तिथे कुणी कुणाला काही विचारत नाही. 'जीव कुठंय' म्हणणाऱ्याचं तेवढं बरोबर.

'गणित आहे हो सगळं' हा दुसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. समजा ड्रमवाला चारच्या हिशेबात चाललाय आणि गिटारवाला सातच्या. दोघं परत एका ठोक्यावर कधी भेटतील? अठ्ठावीसाव्या मात्रेनंतर. शाळेतला लसावि! पण ऐकणाऱ्याला तो काढावा लागत नाही. आता सुटलं, आता सुटलं असं वाटताना दोघं समेवर येतात आणि आपली मान आपोआप हलते. तिहाईला आपण दाद देतो ती याचसाठी. आणि सात मात्रांचा रूपक तर कित्येक भावगीतांत आहे, तेव्हा कुणी कॅल्क्युलेटर काढत नाही.

आमच्या रेणुकादेवीच्या मुलखात गोंधळ कुणाला नवा नाही. गोंधळी कथा सांगता सांगता श्वास घ्यायला थांबतो आणि तेवढ्या फटीत संबळवाला जे वाजवून जातो, त्यावर म्हातारी माणसंसुद्धा खूश होतात. 'त्यात शब्द कुठंयत' असं संबळवाल्याला कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. म्हणजे बिनशब्दांचं ऐकायची सवय आपल्याला आहे. ती फक्त इलेक्ट्रिक गिटार दिसली की जाते.

हे सगळं आज का लिहितोय? कारण 'हात तयार कशाला ठेवायचा' हा प्रश्न आता आपल्या धंद्यातही आलाय. कोड मशीन लिहून देतं, आणि बरं देतं. सराव पेपरवाली तयारी, म्हणजे ठरलेल्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर, त्याच्याकडे आपल्यापेक्षा जास्त आहे. इथे भांडून उपयोग नाही. पण मीटिंगमध्ये कुणीतरी अर्धवट, वेडीवाकडी कल्पना मांडतं. तिच्यात दम आहे हे ओळखून तिथल्या तिथे पुढची ओळ जोडायला आपला हात तयार लागतो. ज्याला स्वतःला काही येत नाही त्याला समोरच्याचं ऐकूही येत नाही, हे मी रोज बघतो. आणि ज्याला खूप येतं पण ऐकायचं नसतं, तोही तितकाच निरुपयोगी. असा एक 'स्टार' प्रत्येक टीममध्ये असतोच :)

जाता जाता एक हिशेब. लिक्विड टेन्शनचा दुसरा अल्बम १९९९ चा, आणि तिसरा थेट २०२१ ला. 'शक्ती'ला 'धिस मोमेंट' साठी फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. तेव्हा घटमवाल्या विक्कूंचा मुलगा सेल्वागणेश बँडमध्ये होता, आणि नवी मुंबईत कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेले शंकर महादेवनही. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले. अशी मंडळी परत एका खोलीत बसायची वाट बघता येत नाही, जे आहे ते ऐकून घ्यायचं.

कुठून सुरुवात करावी? आधी 'स्टेट ऑफ ग्रेस'. मग 'शक्ती'च्या १९७६ च्या पहिल्या अल्बममधलं 'जॉय', अठराएक मिनिटांचं. मग डिसेंबर २००० मध्ये मुंबईत रेकॉर्ड झालेल्या 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' मधलं शिवकुमारजींचं 'शृंगार'. आणि सगळ्यात शेवटी, रविवारी दुपारी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, 'थ्री मिनिट वॉर्निंग'. पूर्ण अठ्ठावीस मिनिटं. त्यानंतरही जीव सापडला नाही तर खुशाल सांगा. मग वाद घालू, चहा माझ्याकडून.