नाण्यावरील गलबत

कोयनानगरास बसून समुद्राच्या नाण्यांविषयी लिहावे, हे वाचकांस विलक्षण वाटेल. परंतु येथील कोयना कऱ्हाडास कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. आणि विजेसाठी बोगद्यांतून घाटाखाली उतरविलेले तिचेच पाणी वाशिष्ठीवाटे दाभोळास अरबी समुद्रास मिळते. दोन समुद्रांशी अशी सोयरीक असलेल्या गावी हा विषय परका नाही.

नाणी जमविणारे धातू व साल पाहतात. त्या नाण्याशी निगडित असलेली माणसांची भीती सहसा पाहत नाहीत. १९६२ साली लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागात थेम्सच्या गाळात एक रोमनकालीन जहाज सापडले. त्याच्या डोलकाठीच्या खाचेत सम्राट डोमिशियनचे झिजलेले नाणे ठेविलेले होते, व त्यावर हाती सुकाणू घेतलेली भाग्यदेवता होती. आपल्याकडील कोळी नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करतात, त्यामागील भावना याहून फार निराळी नसावी. अशा समजुतींस आम्ही हसणार नाही. कारण त्या बाळगूनही ती माणसे समुद्रावर गेली.

आपल्या घरांतील समजूत मात्र मुळी जाऊच नये अशी! समुद्रयान कलिवर्ज्य ठरले, आणि विलायतेहून परतलेल्या मुलास प्रायश्चित्ताखेरीज पंक्तीस घेण्याचे पुष्कळ घरांनी नाकारले. येथे सातवाहनांची नाणी साक्षीस बोलवावीत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील पुळुमावी व यज्ञश्री यांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे गलबत आहे. ती मुख्यतः आंध्र किनाऱ्याकडे, म्हणजे कृष्णा जेथे सागरास मिळते त्या बाजूस, सापडतात. याच घराण्यातील गौतमीपुत्रास नाशिकच्या शिलालेखात ‘एकब्राह्मण’ म्हटले आहे, आणि त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्याल्याचेही तेथेच कोरले आहे. ज्या घराण्यास ती पदवी भूषणाची वाटली, त्यास नाण्यावर गलबत उमटविताना विटाळ वाटला नाही.

म्हणून गृहिणींस आमची विनंती की, देव्हाऱ्यातील जुनी नाणी चिंचेने घासू नयेत, अक्षरे झिजतात. प्रत्येकाबरोबर ते कोठून आले व वडीलधारी त्याविषयी काय सांगत, याची चिठ्ठी ठेवावी. जमिनीत सापडलेले धन दहा रुपयांहून अधिक मोलाचे असल्यास १८७८ च्या कायद्यान्वये कलेक्टरास कळवावे लागते, हेही मुलांस सांगावे.

समजुती लिहून अवश्य ठेवाव्या. सगळ्याच पाळाव्या असे मात्र नाही.