हौसेचा ताळेबंद

छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला काही खोडी लागतात आणि त्या निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन परत करता येत नाहीत. माझी एक खोड अशी. कुणी हातानं काही करताना दिसलं, मग ते क्रोशाचं तोरण असो, लोकरीचं टोपडं असो की घरी केलेला आकाशकंदील, माझ्या तोंडून आपोआप निघायचं, ‘वा, छान आहे हो! विकता का?’ विचारणाऱ्याला वाटतं, आपण कौतुक केलं. मलाही तसंच वाटत असे. या एका प्रश्नानं मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात काय करून ठेवलं, ते आज लिहायचं आहे. कादंबरीत घालून, नावं-गावं बदलून ते दडवता आलं असतं. पण कादंबरीत माणूस स्वतःवर जरा जास्तच दया करतो.

अक्का वाईला राहते. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, २०१० साली निवृत्त झाली. लग्न केलं नाही. का, ते घरात कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. वडिलांच्या वाड्यातल्या मागच्या दोन खोल्या आणि वरची माडी तिच्या वाट्याला आली. कृष्णेचा घाट तिथून पाच मिनिटांवर. वाडा जुना म्हणजे उंदीर आले आणि उंदीर आले म्हणजे मांजरं आली. सुरुवात अशी उपयुक्ततेतूनच झाली. पुढे उंदीर कमी झाले, मांजरं राहिली. दोनाच्या खाली कधी नाहीत, पाचाच्या वर तिनं जाऊ दिली नाहीत. प्रत्येक मादीची शस्त्रक्रिया ती साताऱ्याला नेऊन करवून आणी, आणि गल्लीतली माणसं हसत की मास्तरीणबाई मांजराला दवाखान्यात नेतात एसटीनं.

दुसरा नाद गोधड्यांचा. आमच्याकडे वाकळ म्हणतात, कर्नाटकच्या बाजूला कौदी. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका तिला कवंद म्हणतात, आणि चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची ‘फुलं’ लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. बंगालमधली कांथाही मूळ हीच. जुन्या मऊ कापडाचे थर एकावर एक घालायचे आणि धावदोऱ्यानं एकजीव करायचे. युक्ती इतकी साधी, की ती कुणी शोधून काढली हा प्रश्नच पडत नाही. अक्काची पद्धत कडेनं सुरू करून आत आत जाण्याची. शेवटचा टाका मधोमध पडतो. आत आईची नऊवारी, वर तुकड्यांची रचना. माझ्या अंथरुणात आजही जी गोधडी आहे, तिच्यात आईचं हिरवं लुगडं आहे, माझ्या मुंजीतल्या कुणाचा तरी खण आहे आणि बँकेत लागलो तेव्हाचा, १९८३ सालचा, निळ्या रेघांचा शर्ट आहे. एका गोधडीला पाच-सहा आठवडे. वर्षाला तीन, फार तर चार. ज्याच्या घरची कापडं त्यालाच ती गोधडी जायची. पैशाचा विषय निघत नसे. कुणी तांदूळ पाठवी, कुणी मांजरांसाठी सुकट.

ही कापडं अंथरली रे अंथरली, की मांजर येऊन त्यावर बसणार. ज्यांच्या घरी शिवण आणि मांजर दोन्ही आहेत त्यांना हे सांगायला नको. मांजराला ऊब हवी असते आणि ओळखीचा वास हवा असतो. वापरून मऊ झालेल्या कापडात दोन्ही असतं. मग ते पुढच्या पंजांनी कणीक मळल्यासारखं कापड मळतं. आईचं दूध पिताना पिल्लू जे करतं, तीच ही सवय. अक्का तेवढा कोपरा सोडून दुसरीकडे टाके घालत बसे. ‘ती उठली की तिकडचं,’ म्हणे. गोधडीचं वेळापत्रक मांजर ठरवी.

तेव्हा घरात दोन होती. एक काळा बोका, शिरस्तेदार. अक्काच्या वह्यांवर बसून राही म्हणून. दुसरी वाकळी. पांढऱ्यावर काळे आणि नारिंगी तुकडे, कुणी ठिगळं जोडावीत तसे. अशी तिरंगी मांजरं जवळजवळ नेहमी मादीच असतात, हे मला अक्कानंच सांगितलं होतं. कारण मी पुढे वाचलं. नारिंगीचा गुण मांजराच्या क्ष गुणसूत्रावर असतो. मादीला अशी दोन गुणसूत्रं, पण प्रत्येक पेशीत त्यातलं एक निजून राहतं. कुठं हे निजतं, कुठं ते. म्हणून अंगावर तुकडे उमटतात. मेरी लायन या इंग्रज बाईंनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली, आणि नारिंगी रंगाचं नेमकं जनुक जपानी व अमेरिकी शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये दाखवून दिलं. थोडक्यात, वाकळी ही जन्मतःच वाकळ होती. अक्काला ते नाव कुठलंही जनुक न वाचता सुचलं होतं.

आता माझा पराक्रम. २०१६ च्या उन्हाळ्यात मी वाईला गेलो होतो. मुद्रा योजना आदल्या वर्षी सुरू झालेली, पन्नास हजारांपर्यंतच्या ‘शिशु’ कर्जांची उद्दिष्टं प्रत्येक शाखेला दिलेली. डोक्यात तेच. मी गोधडी उलगडून पाहिली आणि हिशेब मांडला. रोजचे तीन तास, पंचेचाळीस दिवस. शंभराहून अधिक तास. ‘अक्का, तू हे फुकट देतेस?’ मी म्हणालो. ‘अगं, पुण्यात याला मागणी आहे. नीट धंदा कर.’ ती म्हणाली, ‘अरे, मला पेन्शन आहे. मला कुठं धंदा हवाय?’ मी म्हणालो, ‘पैशासाठी नाही गं. तुझ्या कलेची किंमत व्हायला नको?’

हे वाक्य मी फार खुशीत म्हणालो होतो. ते ऐकायला किती थोर वाटतं!

कर्ज दुसऱ्या शाखेतून झालं, सगळं नियमात. विजेचं शिवणयंत्र आलं, नव्या कापडाचे तागे आले, रिळांचा खोका आला. पुण्यातल्या एका दुकानाची मागणीही मीच मिळवून दिली. बाळांची चाळीस दुपटी, सगळी एका मापाची, ठरवून दिलेल्या तीन रंगांत, अडीच महिन्यांत. माडीत कारखाना झाला. मांजरांना माडी बंद, कारण दुकानदारानं बजावलं होतं, मालावर केस चालणार नाही. आपल्याकडे षष्ठीदेवी बाळांची राखणदार, आणि तिचं वाहन मांजर. पण दुपट्यावर मांजराचा केस नको. ग्राहकाची बाजूही मला कळते. नव्या बाळाच्या अंथरुणात केस कुणाला हवेत? मुद्दा इतकाच, की हे दोन व्यवहार वेगळे होते आणि मी एक उचलून दुसऱ्यात कोंबला.

अक्काची दोऱ्याची शिस्त फार कडक. हातशिलाईला एका वेळी हातभर दोरा तोडायचा, उरलेला तुकडा डबीत, सुई टोचणीत, उठताना सुया मोजायच्या, डबीचं झाकण लावायचं. मांजर असलेल्या घरात ही शिस्त लागतेच. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. दोरा तोंडात गेला की बाहेर थुंकणं त्याला कठीण, तो आतच जातो. यंत्राच्या घाईत ती शिस्त मोडली. दोऱ्यांची टोकं जमिनीवर, रिळं खोक्याबाहेर. सत्तावीस दुपटी झाली होती. एका रात्री माडीचं दार नीट लागलं नाही.

वाकळी दोन दिवस खाईना, ओकू लागली. तिसऱ्या दिवशी अक्का तिला साताऱ्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते तिनं मला नंतर फोनवर सांगितलं, वर्गात धडा सांगावा तशा आवाजात. दोऱ्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी अडकतं, उरलेला दोरा आतड्यात उतरतो. आतडं पुढं ढकलत राहतं, दोरा हलत नाही. मग पिशवीची नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडाव्यात तसं आतडं दोऱ्यावर गोळा होतं आणि दोरा त्याला आतून कापतो. बाहेर टोक दिसलं तरी ओढायचं नसतं. तसंच डॉक्टरकडे जायचं. ‘मी ओढला नाही हो,’ असं ती म्हणाली. मला अहो-जाहो ती कधी करत नाही. बहुधा ते वाक्य डॉक्टरांना म्हटलेलं तसंच्या तसं तोंडात राहिलं होतं. शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी वाकळी गेली.

राहिलेली तेरा दुपटी अक्कानं वेळेत पुरी केली. त्यातली सहा केस आणि माप यांचं कारण देऊन परत आली. कर्ज तिनं पेन्शनमधून मुदतीआधी फेडलं. यंत्र शाळेला दिलं. आणि पुढची दीड वर्षं सुई हातात धरली नाही.

बँकेच्या दफ्तरी हे खातं उत्तम होतं. महिला उद्योजक, मुदतपूर्व फेड, थकबाकी शून्य. यशोगाथा मागवणारं परिपत्रक आलं तेव्हा त्या शाखेनं तिचं नाव सुचवलं होतं. छापलं गेलं नाही, एवढी कृपा. तेव्हापासून यशोगाथा वाचताना माझी नजर आकड्यांवरून घसरते आणि घरात मांजर होतं का, असा वेडगळ प्रश्न मनात येतो.

कुणी म्हणेल, एका मांजरावरून केवढं हे! म्हणू देत. मी दुसरा एक हिशेब मांडून दाखवतो. माझ्या पाच कादंबऱ्या आहेत. पहिलीची हजार प्रतींची आवृत्ती संपायला अकरा वर्षं लागली, आणि तिचं मानधन तासांवर वाटलं तर रोजंदारीच्या पासंगालाही पुरणार नाही. तरी मला कुणी म्हणालं नाही की, तुमचा हा लिहिण्याचा उद्योग तोट्यात चाललाय. सभेत मला खुर्ची मिळते. अक्कानं तेवढ्याच वर्षांत तीस-पस्तीस घरांत ऊब पोचवली. तिच्याबद्दल आमच्याच भाऊबंदांत बोललं जातं, ‘तिचं काय, मांजरं आणि चिंध्या!’ पुरुषानं बिनपैशाचं केलं तर व्यासंग, एकट्या बाईनं केलं तर रिकामपण. आणि त्या रिकामपणाला मान मिळवून द्यायचा एकच रस्ता मला, तिच्या शिकलेल्या भावाला, सुचला. तो म्हणजे त्याला दर लावणं. तिनं काय मागितलं होतं? काहीच नाही. मीच तिच्या वतीनं अपमानित झालो होतो.

पण इथं एक गल्लत होऊ नये. ‘हौस आहे, पैसा गौण’ हे वाक्य फार सोयीचं असतं, घेणाऱ्याला. वाईत, साताऱ्यात, पुण्याच्या पेठांतही घरोघर फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायका असतात. लुगडी आपली, दोरा आणि डोळे त्यांचे. त्यांच्यापुढे बसून आपण शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि वर म्हणतो, ‘बसल्या बसल्याच तर करायचंय.’ तिथं तासांचा हिशेब जरूर करावा, आणि मोठ्यानं करावा. कमलादेवी चट्टोपाध्याय १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या प्रमुख झाल्या. कारागिराच्या पोटाची चिंता हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ते मंडळ २०२० साली गुंडाळलं गेलं, तेव्हा त्याची फारशी चर्चाही झाली नाही. म्हणजे पाहा, जिचं पोट त्यावर आहे तिला आपण हौशी ठरवतो, आणि जिची हौस आहे तिला धंद्याला लावू पाहतो. मी दुसरा गुन्हा केला. पहिला आमच्या घरात आईच्या वेळेपासून होत आला होता. दाराशी आलेल्या बाईला चहा भरपूर आणि पैसे मोजून.

२०१८ च्या दिवाळीनंतर अक्कानं पुन्हा सुई घेतली. मी विचारलं नाही, कशी काय. तिच्या मांडीवर आईच्या एका जांभळ्या लुगड्याचा तुकडा होता आणि शिरस्तेदार, आता म्हातारा, दुसऱ्या टोकावर झोपला होता. त्या गोधडीच्या एका कोपऱ्यात तिनं पांढरा, काळा आणि नारिंगी असे तीन तुकडे शेजारी शेजारी लावले. कुणासाठी आहे, हेही मी विचारलं नाही. ती अजून तिच्याच पलंगावर आहे.

आता तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. दिसतं बरं, पण सुईचं नेढं सापडत नाही. मी महिन्यातून दोनदा वाईला जातो. सकाळी अंगणात उजेडाला बसून तिच्या वीस सुया ओवून देतो, प्रत्येकीत हातभर दोरा, जास्त नाही. नवीन एक करडी पाठ माझ्या पायाला घासत असते. सुया टोचणीत लावून डबी अक्काकडे दिली, की ती त्यावरून बोट फिरवते आणि पुटपुटत मोजते. परवा एकोणीस भरल्या. आम्ही दोघांनी ओटा, चटई, माझं धोतर, सगळं झाडलं. शेवटी विसावी माझ्या चष्म्याच्या घरात सापडली.

‘ठेव इकडं,’ अक्का म्हणाली, आणि झाकण लावलं.