कारण कळून काय होणार?

नंदुरबार जिल्ह्यातील तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा या क्षेत्राला दक्षिण काशी मानणाऱ्या भाविकतेविषयी माझ्या मनात तिळमात्र अनादर नाही. येथील पांढरीचे टेकाड १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनित केले तेव्हा या वस्तीची मुळे ताम्रपाषाणयुगापर्यंत जाऊन पोहोचली. इतक्या दीर्घ काळात माणसाने आपली दुःखे या पाण्याच्या काठी आणून ठेवली असतील, तर ते स्वाभाविकच आहे. परंतु पितरांच्या शांतीसाठी घाटावर बसणाऱ्या आईबापांच्या मांडीवर जेव्हा वारंवार आकडी येणारे आठ-दहा महिन्यांचे मूल असते, आणि त्या मुलाच्या व्याधीविषयी घरचे, शेजारचे आणि दुर्दैवाने काही शिकलेले लोकही जे बोलतात ते कानी पडते, तेव्हा मौन पाळणे हा सभ्यपणा नसून अपराध आहे, असे मला वाटते.

पहिले मत असे की, ही बाहेरची बाधा आहे किंवा पितृदोष आहे. या मताचे लोक परंपरेचा आधार सांगतात, म्हणून परंपरेतूनच उत्तर देतो. चरकसंहितेच्या निदानस्थानात अपस्मारावर, म्हणजे याच आकडीच्या रोगावर, एक आणि चिकित्सास्थानात दुसरा असे दोन स्वतंत्र अध्याय आहेत; ज्या ग्रंथकारांनी या रोगाची लक्षणे पाहून भेद केले आणि औषधे सांगितली, त्यांचे नाव घेऊन मुलाला औषधापासून दूर ठेवणे हा त्या परंपरेचाच अवमान होय. आकडीत कांदा अथवा चप्पल हुंगवल्याने ती थांबत नाही. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय चपलेला मिळते. तापल्या सळईचे डाग देणे हा तर शुद्ध छळ आहे. भूत काढण्याच्या निमित्ताने शरीरास तप्त वस्तूचे चटके देणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहे, आणि तो कायदा ज्यांच्या आयुष्यभराच्या श्रमातून उभा राहिला त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच वर्षी प्राण गमवावे लागले, हे महाराष्ट्राने विसरू नये. पुरोहितवर्गाला माझी विनंती एवढीच की, विधी अवश्य करावा. पण संकल्प सोडण्यापूर्वी यजमानास विचारावे, मूल डॉक्टरांना दाखवले आहे काय?

दुसरे मत लसीला दोष देणारे. लस टोचली, रात्री ताप आला, तापात पहिली आकडी आली आणि पुढे मूल मागे पडत गेले, ही हकीकत सांगणारी आई खोटे बोलत नसते. चूक होते ती क्रमाला कारण समजण्यात. १९७८ साली शार्लट ड्राव्हे या फ्रेंच वैद्य विदुषीने अशा बालकांच्या एका विशिष्ट अपस्माराचे वर्णन केले: निरोगी जन्मलेले मूल, पहिल्या वर्षातच तापाबरोबर येणारी दीर्घ आकडी, पुढे तापाविनाही आकड्या, आणि दुसऱ्या वर्षापासून मंदावणारी वाढ. २००१ साली या व्याधीचे मूळ एससीएन१ए नावाच्या जनुकातील बिघाडात सापडले. पुढे २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी, लसीमुळे मेंदू दुखावला असे ज्यांच्याविषयी सांगितले जात होते अशा चौदा रुग्णांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी अकरा जणांत याच जनुकाचा बिघाड आढळला. म्हणजे लसीचा ताप हे केवळ निमित्त होते. तो ताप आला नसता तर गोवराचा, हिवतापाचा किंवा साध्या सर्दीचा आला असता. आमच्याकडे तर तान्ह्या बाळास कढत पाण्याने न्हाऊ घालून वर शेक-धुरी देण्याची चाल आहे, आणि या मुलांना गरम पाण्याच्या स्नानानेही आकडी येते. खानदेशातील वैशाखाचे ऊन ज्यांनी अंगावर घेतले आहे त्यांना या मुलांच्या उन्हाळ्याची कल्पना वेगळी सांगावी लागणार नाही. तेव्हा लस टाळू नये. पाणी कोमट ठेवावे, ताप चढू देऊ नये.

याच मताला जोडून आईच्या कुळावर ठपका ठेवण्याची एक रीत आहे, तिचाही येथेच निकाल लावला पाहिजे. ड्राव्हेच्या व्याधीत बहुतांश मुलांतील जनुकाचा बदल नव्यानेच घडलेला असतो. तो आईतही नसतो, बापातही नसतो. ज्या व्याधी दोन्हीकडून सदोष जनुक आल्याने होतात, त्यांत वाटा दोघांचा सारखाच. सुनेला माहेरी धाडण्यास विज्ञानात कोठेही आधार नाही.

परंतु ही दोन्ही मते भोळी आहेत. घातक आहे ते तिसरे, शहाण्यांचे मत. ‘हे जनुकीय आहे, म्हणजे यावर इलाज नाही, हे दुर्मिळ आहे, म्हणजे कुपोषणाशी झगडणाऱ्या आपल्या जिल्ह्याचा हा प्रश्नच नव्हे, मग कारण कळून काय होणार?’ हा प्रश्न सहानुभूतीच्या स्वरात विचारला जातो, म्हणून त्याला उत्तर देणे अधिक कठीण आणि अधिक आवश्यक आहे.

कारण कळून काय होते ते पाहा. एससीएन१ए हे जनुक मेंदूतील आवर घालणाऱ्या पेशींच्या सोडियम-मार्गांची घडण करते. तेच अधू असल्याने मेंदूचा लगाम सैल पडलेला असतो. कार्बामाझेपीन आणि फेनिटॉइन ही अपस्मारावरील नित्याची, सहज मिळणारी औषधे सोडियमचेच मार्ग रोखतात. अन्य मुलांना तारणारी ही औषधे ड्राव्हेच्या मुलाची आकडी वाढवतात. याच्या उलट, व्हॅल्प्रोएट हे औषध ड्राव्हेच्या मुलास साहाय्यक, परंतु पीओएलजी या दुसऱ्या जनुकात दोष असेल तर तेच यकृत निकामी करून प्राणघातक ठरू शकते. आकडी वरून सारखीच दिसते. औषध कोणते हे कारण ठरवते. जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत ज्याला सतत झटके येतात आणि कोणतेही औषध लागू पडत नाही, अशा काही अर्भकांच्या शरीरात जनुकीय दोषामुळे बी-६ हे जीवनसत्त्व निकामी होत असते; १९५४ पासून ज्ञात असलेल्या या व्याधीवरील औषध अल्प किमतीचे असून ते जन्मभर द्यावे लागते, आणि न दिल्यास मूल दगावते. काही मुलांत रक्तातील साखर मेंदूत पोहोचवणारे वाहकच अपुरे असतात. त्यांचा मेंदू साखरेवाचून उपाशी राहतो, आणि त्यांना भाताऐवजी स्निग्ध पदार्थांवर ठेवणारा कीटोजेनिक आहार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली दिला तर तोच त्यांचे औषध होतो. मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी हा आहार भारतीय जेवणात बसवून दाखवलेला आहे. इलाज नाही म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

आणखी एक व्याधी येथे विसरता येत नाही, कारण तिची खूण कातडीवर उमटलेली असते. ट्यूबरस स्क्लेरोसिस या विकारात मुलाच्या अंगावर लांबट पानाच्या आकाराचे पांढुरके चट्टे जन्मापासून असतात, आणि पहिल्याच वर्षात ते मूल झोपेतून उठताना मालिकेने दचकते, हातपाय आखडून पुढे वाकते. घरी म्हणतात, पोटात मुरडा येतो आहे. १८४१ साली डॉ. वेस्ट या इंग्रज वैद्याने या झटक्यांचे पहिले वर्णन लिहिले ते आपल्याच पोटच्या मुलावरून, आणि त्याच्या हाती तेव्हा काहीही नव्हते. आज आपल्या हाती व्हिगाबॅट्रिन आहे, जे याच विकारातील झटक्यांवर विशेष गुणकारी ठरते. मात्र ते आठवड्यांत सुरू व्हावे लागते, वर्षांनी नव्हे, कारण झटके चालू असतात तोवर मुलाची समज ओसरत जाते.

राहिला दुर्मिळतेचा मुद्दा. यांतील एकेक व्याधी दुर्मिळ, परंतु अशी शेकडो जनुके आहेत आणि त्यांची बेरीज मुळीच दुर्मिळ नाही. आणि जनुकाची गोष्ट आदिवासी मुलुखाला समजणार नाही असे म्हणणाऱ्याने सिकलसेलकडे पाहावे. नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल-पावरा पाड्यांवर आशाताई घरोघर जाऊन सिकलसेलचा वाहक कोण आणि रुग्ण कोण, दोन वाहकांच्या विवाहात मुलाला धोका किती, हे समजावून सांगतात. जी यंत्रणा एक जनुकीय रोग पाड्यापर्यंत नेऊ शकते, ती दुसरा का नेणार नाही? अडचण बुद्धीची नाही, तजविजीची आहे.

त्या तजविजीची चौकट अस्तित्वात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून झाला. त्याच्या व्याधींच्या यादीत आकडी स्पष्ट नमूद आहे, त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र निदान व उपचार केंद्राची तरतूद आहे. पथकाने वजन-उंचीबरोबर आकडीची विचारपूस करावी, अंगावरचे चट्टे पाहावेत. पाच मिनिटांहून अधिक चालणारी आकडी थांबवण्यासाठी नाकात फवारायचे मिडाझोलाम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असावे, आणि अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातील ज्या घरापासून दवाखाना तासाभराहून दूर आहे त्या घरी ते आधीच देऊन ठेवावे. जनुकीय तपासणीसाठी मुलाला मुंबईस नेण्याची तसदी आईबापांना का? रक्ताची नळी प्रवास करू शकते. मुंबईचे केईएम रुग्णालय हे २०२१ च्या दुर्मिळ आजारविषयक राष्ट्रीय धोरणान्वये नेमलेले केंद्र आहे. तेथवर नमुना आणि तेथून अहवाल येण्याचा मार्ग जिल्हा प्रशासनाने खर्चासह आखून द्यावा.

हे होईपर्यंत आईबापांनी थांबू नये. पुढच्या वेळी आकडी येईल तेव्हा मुलाला कुशीवर निजवावे, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे, दुसऱ्या कोणाकडून मोबाइलवर चित्रण करवून घ्यावे; तापात आली, न्हाताना आली की झोपेतून उठताना, ते वहीत लिहावे, चालू औषध मनाने बंद करू नये, आणि ती वही व ते चित्रण घेऊन जिल्हा रुग्णालयात जनुकीय तपासणीची मागणी तोंडी न करता लेखी करावी.