टाळ्यांच्या पलीकडे

१९८८ साली ‘कयामत से कयामत तक’मध्ये आमिर खान गिटार घेऊन कॉलेजच्या निरोपसमारंभात उभा राहिला. वडिलांच्या अपेक्षा आणि स्वतःची वाट यांतलं अंतर त्यानं गाण्यातून बोलून दाखवलं. ते लिहिणारे मजरूह सुलतानपुरी तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते! २००९मध्ये ‘थ्री इडियट्स’ आला. त्यातल्या एका गाण्यात, स्वानंद किरकिरे यांच्या शब्दांत, अपेक्षांच्या त्याच प्रश्नाची विनवणी झाली होती. हॉस्टेलच्या खोलीत गाणारा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी जॉय लोबो, आणि नंतर खिडकीपर्यंत उडत गेलेल्या कॅमेऱ्याला दिसलेलं त्याच्या आत्महत्येचं दृश्य. आजही पाहताना घसा दाटून येतो.

गॅदरिंगचे दिवस जवळ आलेत. मुलं ही गाणी म्हणतील, आपण टाळ्या वाजवू. त्या रात्री घरी आल्यावर मुलांजवळ बसा, त्यांचं म्हणणं पुरतं ऐकून घ्या.